वित्त विभागातून स्टार्टअपच्या सल्ल्याकडे: मधला टप्पा गाळू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. बारा वर्षं वित्त विभागात गेली, आधी ऑडिट आणि मग एका मोठ्या कंपनीत बजेट आणि ट्रेझरी (कंपनीचा पैसा सांभाळण्याचं काम). आता स्टार्टअपना सल्ला द्यायचा आहे, पुढे संस्थापकांचं कोचिंग करायचं आहे. नोकरी सोडून थेट सुरुवात करावी का, वित्तातला अनुभव तिथे किती चालेल, कोचिंगचं प्रमाणपत्र लागतं का, आणि यावर घर चालतं का?

थेट सुरुवात करू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. मी साधारण याच वाटेने आले. ऑडिट, मग बँकेत कर्जप्रस्ताव तपासण्याचं काम, मग एका उत्पादक कंपनीचा वित्त विभाग, मग त्याच कंपनीतल्या एका व्यवसायाची पूर्ण जबाबदारी (विक्री, माल, माणसं, सगळं), त्यानंतर एका छोट्या, वाढत्या कंपनीत सीएफओ (वित्तप्रमुख), आणि मग सल्ला व कोचिंग. आज संस्थापकांसमोर बसते तेव्हा मला सगळ्यात जास्त आधार त्या मधल्या टप्प्याचा असतो, जिथे मी हिशेब तपासत नव्हते, धंदा चालवत होते. वित्त आणि सल्ला यांच्यामध्ये असा एखादा टप्पा असायला हवा, जिथे चुकीच्या निर्णयाची किंमत आपल्यालाच मोजावी लागते. बाकी सगळं उत्तर याच मुद्द्याभोवती आहे.

पण आधी वित्ताबद्दल, कारण बरेच जण या क्षेत्रात येताना आपला जुना अनुभव लपवल्यासारखा करतात. तसं करू नका. बहुतेक संस्थापकांना आपलं उत्पादन कळतं, ग्राहक कळतो. कंपनीत पैसा कसा फिरतो ते कळत नाही. "बँकेत ९० लाख आहेत, महिन्याला १० लाख जास्तीचे जातात, म्हणजे नऊ महिन्यांचा रनवे आहे ना?" हा प्रश्न मी वेगवेगळ्या तोंडून ऐकत आले आहे. रनवे म्हणजे हातातला पैसा पुरेल तेवढा काळ. भागाकार बरोबर आहे, पण नऊ महिने त्यातून निघत नाहीत. वर्षातून एकदा भरायची देणी त्या १० लाखांत धरलेली नसतात. कराची तारीख धरलेली नसते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे वाढ धरलेली नसते.

समजा, मालाचा खर्च महिन्याला २० लाख आहे. पुरवठादाराला १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात आणि ग्राहक ६० दिवसांनी देतो. मधल्या ४५ दिवसांचे, म्हणजे दीड महिन्याचे, ३० लाख कायम अडकलेले असतात. आता विक्री दुप्पट झाली. सगळे आनंदात आहेत, पण अडकलेली रक्कम ६० लाखांवर गेली. वरचे ३० लाख कुठून आले? बँकेतल्या त्याच ९० लाखांतून. नफा-तोटा पत्रक चांगलं दिसत असताना खातं रिकामं होत जातं, आणि संस्थापकाला वाटतं की कोणीतरी हिशेबात घोळ घातला आहे. वित्तातला माणूस हे पहिल्या तासात पाहतो. उधारीची मुदत ६० वरून ४० दिवसांवर आणता येईल का, नव्या ग्राहकाकडून आगाऊ रक्कम मागता येईल का, पुरवठादाराकडून मुदत वाढवून मिळेल का, हे तीन प्रश्न विचारले तरी नवी गुंतवणूक न घेता काही महिने मिळू शकतात.

यासाठी मी कुठल्याही नव्या कंपनीत सर्वात आधी तेरा आठवड्यांचा रोखीचा अंदाज करून घेते. अडचणीतल्या कंपन्या सावरणारी मंडळी हे साधन फार पूर्वीपासून वापरतात. दर आठवड्याला एक रकाना असतो: सुरुवातीची शिल्लक, ग्राहकाच्या नावासह येणारे पैसे, नावासह जाणारे पैसे, शेवटची शिल्लक. यात बीजकाच्या तारखेला काही अर्थ नाही, पैसा खात्यात कधी पडणार त्याला आहे. दर आठवड्याला अंदाज आणि प्रत्यक्ष शेजारी शेजारी मांडले की संस्थापक महिनाभरात स्वतःच सांगायला लागतो, कोणता ग्राहक शब्दाला पक्का आहे आणि कोणता नाही.

दुसरी जागा म्हणजे गुंतवणुकीचे कागद. संस्थापक मूल्यांकनावर भांडतात आणि खालच्या अटींवर सही करून मोकळे होतात. एक उदाहरण धरा. गुंतवणूकदाराने १० कोटी दिले, २० टक्के हिस्सा घेतला, आणि कंपनी विकली गेल्यास आपले १० कोटी आधी परत मिळावेत अशी अट घातली. कंपनी ८ कोटींना विकली गेली तर संस्थापकाच्या हातात शून्य येतं, कागदावर त्याचा हिस्सा ८० टक्के असला तरी. ३० कोटींना विकली गेली तर काय? साधी अट असेल तर गुंतवणूकदार १० कोटी घेईल, कारण २० टक्क्यांचे ६ कोटीच होतात. पण "आधी मूळ रक्कम, आणि उरलेल्यातही हिस्सा" अशी अट असेल तर तो १० अधिक उरलेल्या २० चे ४, असे १४ कोटी नेईल. एका वाक्याने ४ कोटी इकडचे तिकडे होतात. हे गणित शाळेतलं आहे, पण सही करण्याआधी ते कागदावर मांडून दाखवणारा माणूस खोलीत असावा लागतो.

सेफ नावाच्या कराराचंही असंच: पैसे आज घ्यायचे, आणि त्याबदल्यात शेअर पुढच्या गुंतवणुकीच्या फेरीत द्यायचे. स्टार्टअपना सुरुवातीची गुंतवणूक देणाऱ्या वाय कॉम्बिनेटर या अमेरिकी संस्थेने तो २०१३ मध्ये आणला आणि २०१८ मध्ये त्याचा पोस्ट-मनी प्रकार काढला. करार छोटा आहे, वाटाघाट लवकर होते, म्हणून संस्थापक एकामागून एक सेफ देत जातात. पोस्ट-मनी प्रकारात (ज्यात हिस्सा सेफचे पैसे धरूनच्या मूल्यांकनावर मोजतात) ५ कोटींच्या कॅपवर, म्हणजे मूल्यांकनाच्या कमाल मर्यादेवर, ५० लाख घेतले की १० टक्के गेले. अशा तीन सह्या झाल्या की ३० टक्के गेले, आणि हे ३० टक्के सेफधारकांनी एकमेकांत वाटून सोसायचे नसतात, ते संस्थापक आणि आधीच्या भागधारकांच्या वाट्यातून जातात. पहिल्या मोठ्या फेरीच्या वेळी कॅप टेबल (भागधारकांचा तक्ता) उघडल्यावर हे कळणं फार वाईट.

ट्रेझरीत काम केलंय म्हणालात, म्हणून आणखी एक. मार्च २०२३ मध्ये अनेक स्टार्टअपचे पैसे ठेवणारी अमेरिकेतली सिलिकॉन व्हॅली बँक कोसळली. व्याजदर झपाट्याने वाढले होते, बँकेकडच्या लांब मुदतीच्या रोख्यांची किंमत घसरली होती, आणि ९ मार्च या एका दिवसात ठेवीदारांनी सुमारे ४२ अब्ज डॉलर काढून घ्यायची मागणी केली. दुसऱ्या दिवशी बँक नियामकांच्या ताब्यात गेली. ठेवीविम्याची मर्यादा अडीच लाख डॉलर, आणि कित्येक स्टार्टअपची सगळी पुंजी त्या एकाच बँकेत. ठेवीदारांना पूर्ण संरक्षण देण्याची घोषणा त्या शनिवार-रविवारी झाली, तोवर पुढचे पगार कसे करायचे या चिंतेत अनेक संस्थापक होते. "आपले पैसे नेमके कुठे ठेवले आहेत?" हा प्रश्न ट्रेझरीतल्या माणसाला सवयीचा असतो. तो स्टार्टअपमध्ये घेऊन जा.

आता सोडायच्या सवयी. वित्त विभागात आपल्याला चूक पकडण्याबद्दल मान मिळतो. खर्च नाकारला, धोका दाखवून दिला, तर आपलं काम झालं. नव्या कंपनीत दहा प्रयोगांपैकी बहुतेक फसणार हे गृहीत असतं, आणि एखादा चालला तर तो बाकी सगळ्यांची भरपाई करतो. तिथे प्रत्येक प्रयोगाला नकाराची कारणं शोधणारा सल्लागार कंपनीचं नुकसान करतो, कारणं बरोबर असली तरीसुद्धा. टायनी स्पेक नावाची कंपनी ग्लिच हा ऑनलाइन खेळ बनवत होती. खेळ चालला नाही, २०१२ मध्ये बंद करावा लागला. पण काम करताना आपसांत बोलण्यासाठी त्यांनी जे साधन बनवलं होतं त्याचंच पुढे स्लॅक हे कार्यालयीन संदेशांचं साधन झालं, आणि २०२१ मध्ये सेल्सफोर्स या सॉफ्टवेअर कंपनीने ते सुमारे २७.७ अब्ज डॉलरला घेतलं. त्या खेळाच्या कंपनीच्या कुठल्याही आर्थिक अंदाजपत्रकात या साधनाची ओळ नसणार. आकडे जिथे अजून जन्मालाच आलेले नाहीत तिथे पाच वर्षांचा एक्सेल तक्ता मागणं म्हणजे संस्थापकाला कल्पित आकडे लिहायला लावणं. मी त्याऐवजी विचारते, पुढच्या सहा आठवड्यांत कोणती एक गोष्ट कळली तर तुमचा निर्णय बदलेल, आणि ती कळायला किती पैसे लागतील?

एका बाबतीत मात्र वित्ताचा कडकपणा अजिबात सोडायचा नाही: आकड्याची व्याख्या. कार्यालयाची जागा भाड्याने देणाऱ्या वीवर्कने २०१८ च्या कर्जरोख्यांच्या कागदपत्रांत "कम्युनिटी ॲडजस्टेड एबिट्डा" (एबिट्डा म्हणजे व्याज, कर आणि घसारा वजा करण्याआधीचा नफा) असा आकडा वापरला होता, ज्यातून कितीतरी नेहमीचे खर्च वगळलेले होते. पुढच्या वर्षी कंपनीला शेअर विक्री मागे घ्यावी लागली आणि २०२३ मध्ये दिवाळखोरी संरक्षणासाठी अर्ज करावा लागला. छोट्या कंपनीतही हेच छोट्या प्रमाणात घडतं. चाचणीवर असलेले फुकट वापरकर्ते "ग्राहक" म्हणून मोजले जातात, एकदाच मिळालेलं काम "दर महिन्याचं उत्पन्न" म्हणून दाखवलं जातं. संस्थापक फसवायला निघालेला असतो असं नाही, बहुतेकदा त्याला स्वतःलाच तो आकडा खरा वाटू लागलेला असतो. तिथे शांतपणे "हा आकडा कसा काढला ते दाखवा" म्हणणं हे तुमचं काम.

मधल्या टप्प्याकडे येते. व्यवसायाची जबाबदारी घेतली तेव्हा पहिल्या काही महिन्यांतच मला कळलं की वित्त विभागातून जे "विक्रीवाल्यांची ढिलाई" म्हणून दिसतं, त्याच्यामागे ग्राहकाच्या गोदामात पडून असलेला माल, तिथल्या खरेदी अधिकाऱ्याचं बजेट, आपल्या उशिरा गेलेल्या मालाची नाराजी असं बरंच काही असतं. सवलत द्यायची की नाही हे टक्केवारीवरून ठरत नाही. चांगलं काम करणाऱ्या पण टीमला त्रास देणाऱ्या माणसाला जायला सांगायचं असतं, तेव्हा कुठलंच पत्रक मदत करत नाही. महिन्याअखेर पगाराला पैसे पुरणार की नाही याची धाकधूक ज्याने स्वतः अनुभवली आहे, त्याने विचारलेला "झोप लागते का?" हा प्रश्न संस्थापकाला वेगळा ऐकू येतो.

बिल कॅम्पबेल यांचा प्रवास मला म्हणूनच फार मोलाचा वाटतो. ते आधी कोलंबिया विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचे प्रशिक्षक होते. चाळिशीच्या सुमारास जाहिरात क्षेत्रात गेले, मग कोडॅक, मग ॲपल, क्लॅरिस, नंतर गो कॉर्पोरेशनचे प्रमुख आणि पुढे इंट्युटचे सीईओ. गो चालली नाही, इंट्युट चालली. ॲपलचे स्टीव्ह जॉब्स, गूगलचे एरिक श्मिट आणि लॅरी पेज अशा लोकांचे सल्लागार-प्रशिक्षक म्हणून ते ओळखले जातात, पण त्यांच्या बोलण्यामागे बंद पडलेली एक कंपनी आणि वाढवलेली एक कंपनी, दोन्हींचं वजन होतं. तांत्रिक शिक्षण नसूनही अभियंत्यांच्या कंपन्यांत त्यांचा शब्द चालला.

तुम्ही मोठ्या कंपनीत आहात तर हा टप्पा तिथेच मागून घेता येतो. एखाद्या लहान उत्पादनाची किंवा शाखेची पूर्ण जबाबदारी, किंमत ठरवण्याचं काम, वसुलीची अडलेली बाजू, काहीही चालेल. अट एवढीच की निकाल तुमच्या नावावर लागला पाहिजे. ते शक्य नसेल तर दोन-तीन छोट्या कंपन्यांसाठी अर्धवेळ सीएफओ व्हा. पण फक्त अहवाल बनवणारे सीएफओ होऊ नका. कोणाचे पैसे या आठवड्यात द्यायचे आणि कोणाचे पुढच्या, हे ठरवून त्या पुरवठादाराला स्वतः फोन करणारे व्हा. मी दोन-तीन वर्षं तरी म्हणेन.

सल्ला आणि कोचिंग ही दोन वेगळी कामं आहेत, आणि वित्तातून आलेल्या माणसाला पहिलं सोपं जातं, दुसरं अतिशय जड. सल्ल्यात तुम्ही उत्तर देता: ही अट काढा, हा ग्राहक सोडा, ही किंमत वाढवा. कोचिंगमध्ये उत्तर समोरच्याने शोधायचं असतं आणि तुम्ही त्याला विचार करायला जागा करून द्यायची असते. एक संस्थापिका माझ्याकडे भागीदाराचा हिस्सा किती असावा हे विचारायला आली होती. व्हेस्टिंगचा, म्हणजे हिस्सा टप्प्याटप्प्याने हातात येण्याचा, नेहमीचा प्रघात मला तोंडपाठ होता: चार वर्षं, त्यात पहिल्या वर्षाचा क्लिफ (त्याआधी सोडलं तर काहीच मिळत नाही). ते सांगून बैठक दहा मिनिटांत संपली असती. त्याऐवजी मी विचारलं, हा आकडा ठरला की त्याच्याशी पुढचं बोलणं कसं होईल असं वाटतं? ती बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, की भागीदार आता कामात लक्ष घालत नाही, आणि हे त्याच्या तोंडावर बोलायला ती कित्येक महिने टाळते आहे. मग टक्केवारी बाजूला राहिली आणि आम्ही त्या बोलण्याची तयारी केली. व्हेस्टिंगचं नंतर पाहिलं, तेव्हा मी तिला आधी सांगितलं, "आता मी सल्लागार म्हणून बोलते आहे." हे प्रत्येक वेळी उघड सांगायची सवय लावून घ्या, नाहीतर समोरच्याला कळत नाही की तुमचा प्रश्न खरोखर प्रश्न आहे की आडून दिलेली सूचना.

प्रमाणपत्राबद्दल: कायद्याने बहुतेक ठिकाणी ते लागत नाही, संस्थापक तर क्वचितच विचारतात. तरी प्रशिक्षण घ्या. १९९५ मध्ये स्थापन झालेल्या इंटरनॅशनल कोचिंग फेडरेशनच्या पहिल्या पातळीसाठी, म्हणजे एसीसीसाठी, किमान ६० तासांचं शिक्षण आणि १०० तासांचा कोचिंगचा अनुभव लागतो. त्यावरच्या पीसीसीसाठी १२५ आणि ५००. सर्वात वरच्या एमसीसीसाठी २०० आणि २,५००. या आकड्यांतच कळतं की शिकवणीपेक्षा सरावाला किती महत्त्व आहे. ध्येय, सद्यस्थिती, पर्याय, निश्चय अशा क्रमाने जाणारी ग्रो नावाची पद्धत १९८० च्या दशकापासून वापरात आहे, ती एका दुपारी समजते. वेळ लागतो तो आपलं संभाषण दुसऱ्या अनुभवी कोचने ऐकून त्यावर बोलण्यातून जे शिकायला मिळतं त्याला. आपण किती वेळा मध्ये तोडतो, किती वेळा प्रश्नात उत्तर लपवतो, हे स्वतःला ऐकू येत नाही.

इथे दोन सीमा पक्क्या ठेवा. कोचिंगची फी गुंतवणूकदार देत असेल तर संस्थापकाने सांगितलेलं त्याच्यापर्यंत जाणार नाही, हे तिघांनी मिळून आधी लिहून ठरवा. आणि संस्थापक खरोखरच खचलेला दिसला, झोप-भूक गेली असेल, जगण्यातला रस गेल्याचं बोलत असेल, तर ते कोचिंगचं काम नाही. मानसोपचार तज्ज्ञाकडे जायला स्पष्ट शब्दांत सांगा, आणि तो तिथे पोहोचेपर्यंत पाठपुरावा करा.

पैशाचं आता. सुरुवातीच्या कंपन्या सल्लागाराला रोख कमी आणि हिस्सा जास्त देऊ पाहतात. प्रघात साधारण पाव टक्का ते एक टक्का असा आहे. कंपनी जितकी लहान आणि तुमचा वेळ जितका जास्त, तितका तो एक टक्क्याकडे सरकतो, आणि बहुधा दोन वर्षांत हळूहळू हातात येतो. यातले बहुतेक हिस्से कधीच पैशात बदलत नाहीत, म्हणून घरखर्च त्यावर धरू नका. मी ठरलेली मासिक फी घेते आणि हिस्सा मोजक्या कंपन्यांत घेते, कारण हिस्सा घेतला की "कंपनी विकू नका, अजून थांबा" या सल्ल्यात माझाही स्वार्थ येतो, आणि ते मला संस्थापकाला सांगावं लागतं. एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या दोन कंपन्या एकाच वेळी घेत नाही. गुंतवणूक मिळवून दिल्यावर टक्केवारी घेण्याचं आमिष दाखवलं जाईल. अनेक देशांत त्यासाठी परवाना लागतो, आणि तो नियम बाजूला ठेवला तरी ज्याला फेरी झाली तरच पैसे मिळतात तो "ही फेरी घेऊ नका" हे कसं सांगणार?

उत्पन्न पहिली दोन-तीन वर्षं तुटक येईल. संस्थापकांना सांगता तोच रोखीचा अंदाज स्वतःच्या घराचा करा, आणि किमान दीड वर्षाचा खर्च बाजूला ठेवूनच नोकरी सोडा. पैशाची ओढाताण असलेला सल्लागार ग्राहक जाईल या भीतीने गोड बोलू लागतो, आणि संस्थापकाभोवती गोड बोलणारे आधीच पुष्कळ असतात.

पहिलं काम नोकरीत असतानाच घ्या, मालकाची परवानगी घेऊन. ओळखीतली एकच कंपनी निवडा, तुमच्या उद्योगाशी स्पर्धा नसलेली. सादरीकरण मागू नका. मागच्या सहा महिन्यांचं बँकेचं विवरण, येणी-देण्यांची यादी आणि भागधारकांचा तक्ता मागा, आणि पहिल्या बैठकीत फक्त समजून घ्या. करार एका पानाचा पुरे: तीन महिने, दर पंधरवड्याला एक बैठक, कोणत्या दोन गोष्टींवर काम करायचं, गोपनीयता, आणि कोणीही एका आठवड्याच्या सूचनेवर थांबू शकतो. फी लहान असली तरी घ्या, हिस्सा यावेळी मागू नका. तीन महिने झाले की दोघांनी बसून काय बदललं ते पाहायचं. संस्थापकाला पुढे गरज वाटली नाही तर कागद परत करून, त्याच्या आकडेवारीच्या आपल्याकडच्या प्रती पुसून काम बंद करायचं आणि दुसरी कंपनी शोधायची.